कुणी कुणाचं ऐकायचं?

नेटवर्कचं सामान विकणाऱ्या दुकानात, मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं असो की तालुक्याच्या गावातलं, स्विच घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचे प्रश्न ठरलेले असतात. किती पोर्टचा? स्पीड किती? वॉरंटी किती? आणि शेवटी, यापेक्षा स्वस्तातला नाही का? दुकानदार एक चपटा डबा काउंटरवर ठेवतो. बरेच जण त्याला अजून 'हब'च म्हणतात आणि दुकानदारही त्यांना दुरुस्त करत बसत नाही. डबा ऑफिसात जातो, कुठल्यातरी टेबलाखाली किंवा फॉल्स सीलिंगच्या वर बसतो, त्याचे हिरवे दिवे लुकलुकू लागतात आणि पुढची आठ-दहा वर्षं त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

त्या डब्याच्या खोक्यावर मात्र बरंच काही लिहिलेलं असतं. गिगाबिट, फुल डुप्लेक्स, ऑटो लर्निंग, व्हीलॅन, लूप प्रोटेक्शन, पीओई. गिऱ्हाईक यातलं फक्त 'गिगाबिट' वाचतं. पण यातला प्रत्येक शब्द गेल्या पन्नास वर्षांतल्या कुणाच्या तरी अडचणीचं उत्तर आहे. ती उत्तरं क्रमाने वाचत गेलं की एक गंमत लक्षात येते. स्विच जन्माला आला तो गर्दी कमी करण्यासाठी. आज छोट्या ऑफिसात ती गर्दी उरलेली नाही, आणि तरीही स्विच निवडण्याचं एक महत्त्वाचं कारण शिल्लक आहे, ते म्हणजे ऑफिसातल्या कुठल्या यंत्राने कुठल्या यंत्राचं ऐकायचं हे ठरवणं. या यंत्राच्या सुरुवातीच्या इतिहासात हा प्रश्न जवळपास कुणीच विचारला नव्हता.

एकच केबल, सगळ्यांची

गोष्ट सुरू होते ती कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात. आपल्याकडे झेरॉक्स म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, पण त्या कंपनीने १९७० च्या दशकात तिथे ऑफिसचं भविष्यच मांडून ठेवलं होतं. प्रत्येकाच्या टेबलावर 'आल्टो' नावाचा स्वतंत्र संगणक आणि सगळ्यांत मिळून एक लेझर प्रिंटर. हे सगळं एकमेकांना जोडायचं कसं, हे काम रॉबर्ट मेटकाफकडे आलं. २२ मे १९७३ रोजी त्याने एक टिपण टाइप केलं आणि त्यात 'इथरनेट' हा शब्द वापरला.

नाव मोठं विचारपूर्वक निवडलेलं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्रज्ञांना वाटायचं, की प्रकाश ज्यातून प्रवास करतो असा 'ईथर' सगळीकडे भरलेला आहे. १८८७ साली मायकल्सन आणि मॉर्ली यांच्या प्रयोगाने त्या ईथरला मोठा धक्का दिला. मेटकाफने ते निकालात निघालेलं नाव उचललं, कारण त्याला नेमकं तेच हवं होतं, म्हणजे सगळीकडे पोचणारं, स्वतः काहीच न करणारं माध्यम. मधे कुठलंही हुशार यंत्र नाही. एक केबल, आणि तिला टेकलेले सगळे.

मूळ स्फूर्ती हवाईची. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या गटाने १९७१ मध्ये बेटाबेटांवरची टर्मिनलं रेडिओने विद्यापीठाच्या संगणकाला जोडली होती. त्या 'अलोहा' जाळ्यात ज्याला बोलायचं तो बोलायचा. दोघांचे संदेश एकमेकांवर आदळले तर थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवायचे. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी यात शिस्त आणली. बोलण्याआधी ऐका. बोलताना टक्कर झाली तर लगेच थांबा. मग यादृच्छिक वेळ वाट पाहा, आणि पुन्हा टक्कर झाली तर वाट पाहण्याची मर्यादा दुप्पट करत न्या. सोळा वेळा अपयश आलं की नाद सोडा. चाळीतल्या नळावर बादल्यांची रांग लावायला कुणी मुकादम नसला तरी लोक जसं आपापसांत जमवून घेतात, तसा हा प्रकार. अभियांत्रिकीला असताना आम्ही हे 'सीएसएमए/सीडी' आकृतीसकट घोकलं होतं. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न यायचा. आपल्या वर्गातल्या एकाही संगणकात ती टक्कर आता होत नाही, हे मात्र सांगायला सगळे विसरले होते.

पार्कमधलं पहिलं इथरनेट सेकंदाला २.९४ मेगाबिट वेगाने चालायचं. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून १० मेगाबिटचं तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे १९८३ मध्ये आय-ट्रिपल-ई या संस्थेने जवळपास त्याच धर्तीचं ८०२.३ हे मानक मंजूर केलं. केबल अंगठ्याएवढी जाड, बहुधा पिवळी, एका पट्ट्यात कमाल ५०० मीटर. संगणक जोडायचा तर त्या केबलीत चक्क भोक पाडून टोकदार दाता आतल्या तारेपर्यंत घुसवायचा. त्या जोडणीला 'व्हॅम्पायर टॅप' म्हणत. दोन दात्यांमध्ये अडीच मीटर अंतर हवं म्हणून केबलीवर खुणा केलेल्या असत. नंतर बारीक काळी केबल आली, ती १८५ मीटरपर्यंत चाले. ती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे माळेसारखी ओवत न्यायची आणि दोन्ही टोकांना छोटी टोपणं बसवायची. स्वस्त आणि सोपी. पण कुणी टेबल सरकवताना एक जोड निसटला, की त्या माळेतलं सगळं ऑफिस बंद. कुठला जोड निसटला हे शोधायला टेबलाखालून रांगत जायचं.

या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत होती. प्रत्येक पाकीट, तांत्रिक भाषेत 'फ्रेम', प्रत्येक संगणकापर्यंत पोचायचं. दवंडी पिटल्यासारखं. पाकिटावर पत्ता असायचा, आणि ज्याचा पत्ता नाही त्याने ते टाकून द्यायचं, असा सभ्यतेचा करार होता. नेटवर्क कार्डाला 'सगळंच घे' असं सांगितलं की तो करार संपला. त्या काळी टेलनेट, एफटीपी आणि ईमेल उतरवण्याची साधनं पासवर्ड उघड्या अक्षरांत पाठवत. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तुमचा पासवर्ड ऐकू जात होता. फक्त त्याने कान द्यायची खोटी होती.

१९८० च्या दशकाच्या मध्यात केबलीचा आकार बदलला. पार्कमधूनच बाहेर पडलेल्या दोघांनी १९८५ मध्ये सिनऑप्टिक्स ही कंपनी काढली. त्यांनी माळ मोडून चांदणी केली. मध्यभागी एक डबा, त्यातून प्रत्येक टेबलाला वेगळी तार. १९९० मध्ये टेलिफोनसारख्या पिळलेल्या तारांवर चालणाऱ्या १० मेगाबिट इथरनेटचं मानक आलं, आणि आज आपण जिला 'लॅन केबल' म्हणतो तिचं राज्य सुरू झालं. मधला डबा म्हणजे हब. आता एक जोड निसटला तर एकच संगणक बंद पडू लागला. पण हबच्या आतमध्ये जुनी पिवळी केबलच होती. एका पोर्टातून आलेलं सगळं तो बाकीच्या सगळ्या पोर्टांतून ओरडून सांगायचा. तारा वेगळ्या झाल्या, दवंडी तीच राहिली.

पत्ते शिकणारा पोस्टमन

दवंडीला पर्याय शोधला तो डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीतल्या लोकांनी. मोठ्या इमारतीतली दोन इथरनेटं जोडायची, पण एकीकडची सगळी गर्दी दुसरीकडे जाऊ द्यायची नाही, अशी अडचण होती. तिथल्या मार्क केम्फने केलेल्या 'ब्रिज'ची युक्ती इतकी साधी आहे, की ऐकल्यावर हसू येतं.

समजा, एका नव्या वसाहतीत पोस्टमन आला आहे. त्याच्याकडे घरांची यादी नाही आणि ती त्याला कुणी देणारही नाही. तो फक्त एक करतो. कुठल्या गल्लीतून कुणाचं पत्र निघालं, हे पाठवणाऱ्याच्या नावावरून लिहून ठेवतो. उद्या त्या माणसाच्या नावे पत्र आलं, की त्याच गल्लीत नेऊन टाकतो. ज्याचं नाव अजून वहीत नाही, त्याचं पत्र सगळ्या गल्ल्यांत फिरवतो. आणि काही वेळ ज्याच्याकडून एकही पत्र निघालं नाही, त्याचं नाव खोडून टाकतो, न जाणो बिऱ्हाड बदललं असेल. दोन दिवसांत त्याला वसाहत पाठ होते. आजच्या खोक्यावरचं 'ऑटो लर्निंग' म्हणजे हेच. कुणी काही भरायचं नाही, सांगायचं नाही. केबल लावली की चालू.

पण या पोस्टमनची एक मोठी गोची होती. इथरनेटच्या पाकिटावर ते किती ठिकाणी फिरून आलं याची नोंदच नसते. इंटरनेटच्या पाकिटावर तसा आकडा असतो. प्रत्येक टप्प्याला तो एकाने कमी होतो आणि शून्यावर आला की पाकीट फेकून देतात. इथरनेट मुळात एकाच केबलीसाठी केलेलं, त्यामुळे 'फिरून येणं' ही शक्यताच कुणाच्या डोक्यात नव्हती. आता दोन ब्रिज दोन वाटांनी जोडले गेले, तर सगळ्यांसाठीचं एक पाकीट गोल गोल फिरत राहतं, प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती वाढतात आणि क्षणात सगळं जाळं कोलमडतं. बरं, दुसरी वाट ठेवूच नका असंही म्हणता येत नाही. पहिली तुटली तर तीच उपयोगी पडणार.

हे कोडं डिजिटलमध्येच काम करणाऱ्या रेडिया पर्लमनकडे आलं. तिने स्वतः अनेकदा सांगितलं आहे, की शुक्रवारी साहेबांनी काम दिलं आणि ते सुट्टीवर गेले. त्याच रात्री तिला उत्तर सुचलं, पुढचे एक-दोन दिवस ते लिहून काढण्यात गेले आणि उरलेल्या आठवड्यात तिने त्यावर एक छोटी कविता केली. १९८५ च्या तिच्या शोधनिबंधाच्या आरंभी ती कविता छापलेली आहे. उत्तर असं, की सगळ्या ब्रिजांनी आपापसांत बोलून एकाला मूळ मानायचं, त्याच्यापासून प्रत्येकापर्यंत एकच सर्वांत जवळची वाट ठेवायची आणि बाकीच्या वाटा मिटून घ्यायच्या. वर्तुळं गेली, झाड उरलं. एखादी फांदी तुटली की मिटलेली वाट आपोआप उघडते. याला 'स्पॅनिंग ट्री' म्हणतात आणि १९९० मध्ये त्याचं मानक झालं.

ही केवळ पाठ्यपुस्तकातली बाब नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क जवळपास चार दिवस पडलं होतं. वर्षानुवर्षं जोड देत वाढवलेलं ते जाळं स्पॅनिंग ट्रीला झेपेल त्यापलीकडे गेलं होतं. त्यावर मोठा भार आला, झाड मोडलं आणि पाकिटं गोल फिरू लागली. तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं पुन्हा कागदावर आलं आणि हातोहात पोचवावं लागलं. रुग्णालयाच्या माहिती विभागाच्या प्रमुखाने हे सगळं लपवून न ठेवता जाहीर मांडलं, म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहे.

छोट्या ऑफिसात ही आपत्ती फार लहान रूपात येते. साफसफाई करताना लोंबकळणाऱ्या केबलीचं मोकळं टोक दिसतं, आणि कुणीतरी सद्भावनेने ते समोरच्या रिकाम्या पोर्टात खोचतो. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकू लागतात, बिलिंग थांबतं आणि लोक इंटरनेट कंपनीला फोन लावतात. अगदी स्वस्त स्विचांमध्ये स्पॅनिंग ट्री बहुधा नसतं. खोक्यावर 'लूप प्रोटेक्शन' असे दोन शब्द असले तर ते याच दिवसासाठी असतात.

कल्पना

ब्रिज हुशार होता, पण बहुधा दोनच बाजू जोडायचा आणि महाग असायचा. प्रत्येक टेबलाला स्वतःचा ब्रिज द्यावा, हा विचार परवडणारा नव्हता. तो प्रत्यक्षात आणणाऱ्या कंपनीचं नाव मराठी वाचकाला भाषांतर करून सांगावं लागत नाही. सिलिकॉन व्हॅलीतल्या त्या कंपनीचं नाव होतं 'कल्पना'. मूळ भारतीय असलेल्या विनोद भारद्वाज यांनी लॅरी ब्लेअर यांच्यासोबत ती काढली आणि भारद्वाज यांच्या पत्नीचं नाव तिला दिलं.

१९९० च्या सुमारास कल्पनाने 'इथरस्विच' बाजारात आणला. त्याला सात पोर्ट होते. एकाच वेळी पहिला दुसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी आणि पाचवा सहाव्याशी बोलू शकत होता, आणि प्रत्येक जोडीला पूर्ण १० मेगाबिट मिळत होते. शिवाय तो पूर्ण पाकीट हातात यायची वाट न पाहता, पत्ता वाचून होताच ते पुढे ढकलायला सुरुवात करायचा. तत्त्व ब्रिजचंच. पण 'ब्रिज' हा शब्द तोवर बाजारात जुनाट झाला होता. राउटर विकणाऱ्यांनी त्याची बरीच बदनामी केली होती. 'स्विच' हे नाव नवं आणि वेगवान वाटलं. म्हणजे आज आपण ज्या नावाने हा डबा मागतो, त्यात निम्मं तंत्रज्ञान आणि निम्मी विक्रीकला आहे.

पुढची घोडदौड झपाट्याची आहे. सिस्कोने १९९३ मध्ये क्रेसेंडो, १९९४ मध्ये वीस कोटी डॉलरहून अधिक मोजून कल्पना, आणि १९९५ मध्ये ग्रँड जंक्शन, अशा स्विच बनवणाऱ्या तीन कंपन्या लागोपाठ विकत घेतल्या. १९९५ मध्ये १०० मेगाबिटचं मानक आलं आणि १९९९ मध्ये साध्या तांब्याच्या तारांवर गिगाबिट. १९९७ मध्ये 'फुल डुप्लेक्स' अधिकृत झालं. तारेच्या एका टोकाला एक संगणक आणि दुसऱ्या टोकाला स्विच, तिसरं कुणीच नाही; मग एकाच वेळी बोलायला आणि ऐकायला हरकत काय? टक्कर होण्याची शक्यताच संपली. २००२ च्या १० गिगाबिटच्या मानकातून टक्करीची ती सगळी शिस्त काढूनच टाकली. आमच्या परीक्षेत मात्र ती राहिली.

किमती कोसळल्या त्या स्विचचं सगळं डोकं एका चिपमध्ये मावू लागल्यावर. भारतातल्या छोट्या ऑफिसांपर्यंत जे स्वस्त डबे पोचले, त्यांत तैवानी डी-लिंकचा वाटा मोठा, आणि त्या कंपनीच्या भारतीय शाखेचं नोंदणीकृत कार्यालय गोव्यात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. 'डिजिसोल' या नावाने नेटवर्कचं सामान आणणाऱ्या स्मार्टलिंकचा पत्ताही वेर्ण्याचाच.

या सगळ्या घोडदौडीत दवंडी बंद झाली. पाकीट आता फक्त ज्याचं त्यालाच जाऊ लागलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तुमचा पासवर्ड ऐकू येईना. पण हा कुणाचा हेतू नव्हता. गर्दी कमी करताना एकांत फुकटात मिळाला. आणि फुकटात मिळालेल्या गोष्टीची हमी नसते. त्या पोस्टमनच्या वहीत जागा मोजकीच असते. छोट्या स्विचमध्ये चार-आठ हजार पत्त्यांची. कुणी खोट्या पत्त्यांचा पूर सोडून ती वही भरून टाकली, की ज्यांची नावं वहीत मावली नाहीत त्यांची पत्रं तो पुन्हा सगळ्या गल्ल्यांत फिरवू लागतो. स्विचचा हब होतो.

भिंती

दुसरी फुकट मिळालेली गोष्ट म्हणजे व्हीलॅन. बेलकोअर या टेलिफोन संशोधन संस्थेत डेव्हिड सिन्कॉस्की १९८० च्या दशकात इथरनेट टेलिफोनइतकं मोठं करता येईल का, हे तपासत होता. स्पॅनिंग ट्रीमध्ये सगळी रहदारी एकाच झाडाच्या खोडातून जाते आणि खोड तुंबतं. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने सुचवलं, की एकाच जाळ्यावर अनेक झाडं लावा आणि कुठलं पाकीट कुठल्या झाडाचं, हे पाकिटावरच लिहा. मूळ हेतू पुन्हा गर्दीचाच. त्या विचाराचं वारस म्हणावं असं मानक १९९८ मध्ये आलं. पाकिटावर चार बाइटची एक चिठ्ठी, आणि तिच्यात १ ते ४०९४ मधला एक आकडा. पाच आकड्याच्या पोर्टातलं पाकीट दहा आकड्याच्या पोर्टात जाणार नाही. लोकांनी या सोयीचा भिंत म्हणून उपयोग सुरू केला. एकाच डब्यात दोन वेगळी ऑफिसं.

तिसरा शब्द पीओई, म्हणजे लॅनच्या तारेतूनच वीज. तो २००३ मध्ये मानक झाला, मुख्यतः टेबलावरच्या इंटरनेट फोनांसाठी. तेव्हा स्विचच्या प्रत्येक पोर्टातून १५.४ वॅट मिळायचे; २००९ मध्ये ३० आणि २०१८ मध्ये ९० वॅटपर्यंत मजल गेली. छोट्या ऑफिसात फोन काही फारसे आले नाहीत. त्या तारेला आले ते कॅमेरे आणि वायफायचे पांढरे डबे. इथे इतिहास थेट आपल्या टेबलाखाली येऊन बसतो. हिशोबाचा संगणक, हजेरीचं यंत्र आणि भिंतीवरचा कॅमेरा एकाच स्विचमध्ये शेजारी शेजारी खोचले गेले, आणि त्यांनी एकमेकांशी बोलावं की नाही हे कुणीच ठरवलं नाही.

२०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर काबीज केले. त्यासाठी त्याच्याकडे कारखान्यातून आलेल्या साठेक युझरनेम-पासवर्डांची यादी होती, बस्स. पुढच्या वर्षीची गोष्ट आपल्या आणखी जवळची. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये हिशोब आणि कर भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एम.ई.डॉक' या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' बाहेर पडलं. आत शिरल्यावर ते इंटरनेटवर भटकत नव्हतं. ऑफिसच्या आतल्या जाळ्यात, एका संगणकावरून ज्याचा ज्याचा आवाज पोचेल त्या प्रत्येकाकडे जात होतं. मर्स्क या जहाज कंपनीच्या युक्रेनमधल्या कार्यालयात ते सॉफ्टवेअर एका संगणकावर होतं, असं पत्रकारांच्या शोधातून पुढे आलं. त्या धक्क्याने मर्स्क समूहाची जगभरची बंदरं थांबली, त्यात मुंबईजवळच्या जेएनपीटीमधलं त्यांचं टर्मिनलही होतं. कंपनीने स्वतः नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर सांगितला.

हे सगळं केवळ स्विचमुळे घडलं नाही आणि केवळ व्हीलॅनने टळलंही नसतं. पण 'आतले ते सगळे आपले' हे पिवळ्या केबलीच्या काळातलं गृहीतक किती महाग पडतं, ते यातून कळतं.

डबा निवडताना

आता समजा, दहा माणसांचं एक कर सल्लागाराचं ऑफिस आहे. दहा संगणक, एक प्रिंटर, टॅलीचा डेटा ठेवलेला एक संगणक, बोट टेकवून हजेरी घेणारं यंत्र, चार कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, वायफाय, आणि येणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला सांगितला जाणारा त्याचा पासवर्ड.

वेगाचा हिशोब पाच ओळींत संपतो. साध्या कॅमेऱ्याचं चित्र सेकंदाला चारेक मेगाबिट घेतं. चार कॅमेरे मिळून सोळा, म्हणजे गिगाबिटच्या दोन टक्क्यांहून कमी. एक जीबीची फाइल गिगाबिटवरून आठ-नऊ सेकंदांत जाते, जुन्या १०० मेगाबिटवरून दीड मिनिटात. म्हणून गिगाबिट घ्यावा, त्याहून महाग वेगाच्या मागे लागू नये. खोक्यावरचा '१६ गिगाबिट क्षमता' हा आकडा पाहून हुरळूनही जाऊ नये. आठ पोर्ट, दोन दिशा, त्याचा तो साधा गुणाकार आहे.

पोर्ट मोजावेत आणि चार-पाच जास्तीचे धरावेत, म्हणजे या ऑफिसला २४ पोर्टांचा. पोर्ट कमी पडले, की पुढच्या वर्षी एका टेबलावर पाच पोर्टांचा आणखी एक स्वस्त डबा येतो, मग दुसऱ्यावर, आणि बोस्टनच्या त्या रुग्णालयासारखं जोड देत वाढणं सुरू होतं. पीओई घेताना एका पोर्टाचा आकडा पाहून चालत नाही, एकूण किती वॅट मिळणार ते विचारावं लागतं. आठ पोर्टांना प्रत्येकी ३० म्हणजे २४० वॅट, पण डब्याची एकूण ऐपत ६० च असू शकते. रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागल्यावर ते कळतं.

खरा निर्णय पुढचा आहे. अनमॅनेज्ड डब्याला काहीच सांगता येत नाही. तो सगळ्यांना सगळ्यांशी बोलू देतो. त्याच्या वरच्या पायरीवर 'स्मार्ट' किंवा वेबमधून चालवता येणारे स्विच असतात. त्यांत व्हीलॅन आणि लूप प्रोटेक्शन मिळतं, आणि या ऑफिसला तेच हवेत. एका गटात संगणक, प्रिंटर आणि टॅली. दुसऱ्यात कॅमेरे आणि रेकॉर्डर. तिसऱ्यात हजेरीचं यंत्र. चौथ्यात पाहुण्यांचं वायफाय, ज्याला इंटरनेटशिवाय काहीही दिसू नये. या गटांमधली दारं कुठे आणि किती उघडायची, हे राउटर ठरवतो. म्हणून इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरला व्हीलॅन कळतात का, हे स्विच घेण्याआधीच विचारायचं. कळत नसतील तर राउटरचाही खर्च धरायचा, नाहीतर भिंती बांधून दार ठेवायला विसरल्यासारखं होईल.

याला एक प्रामाणिक अपवाद आहे. ज्या ऑफिसात हा स्विच सांभाळणारं, त्याचा पासवर्ड बदलणारं, वर्षातून एक-दोनदा त्याचं अपडेट पाहणारं कुणीच नाही, तिथे मॅनेज्ड स्विच कारखान्याच्या पासवर्डासकट पडून राहील. त्यापेक्षा मुका अनमॅनेज्ड डबा बरा, कारण त्याच्या आत घुसायला निदान दारच नाही. मग कॅमेऱ्यांसाठी स्वतःचे पीओई पोर्ट असलेला रेकॉर्डर घ्यावा, म्हणजे ते त्याच्याच पोटातल्या वेगळ्या जाळ्यात राहतात. आणि पाहुण्यांसाठी राउटरमधलं 'गेस्ट' वायफाय चालू करावं. निम्मं काम तेवढ्यानेही होतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी एका कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे ऑफिसातली सगळी यंत्रं, उजवीकडे त्यातलं प्रत्येक कुणाकुणाशी बोललं पाहिजे ते. हजेरीच्या यंत्राने टॅलीशी बोलायचं काही कारण नाही, हे कागदावर लगेच दिसतं. तो कागद दुकानदारासमोर ठेवला, की स्पीड किती या प्रश्नाच्या आधी बरंच काही ठरून जातं. नंतर कुठला पोर्ट कुणाचा हे त्याच कागदावर लिहून तो स्विचच्या शेजारी चिकटवून ठेवावा. आठ-दहा वर्षांनी टेबलाखाली वाकून बघणारा माणूस बहुधा दुसराच कुणीतरी असेल.